जन्मतारखेचा रकाना

क्लबच्या कचेरीत माझं टेबल जिन्याखाली.
एकोणतीस वर्षं मी एकच वही चालवतो :
प्रशिक्षकाचं नाव, जन्मतारीख, जिंकले, हरले, बरोबरी,
आणि शेवटचा रकाना, का गेला.
त्यात बहुतेकदा लिहितो, ‘वैयक्तिक कारण’.
कमिटीला तेवढंच पुरतं.

मे महिन्यात, लुदोविक फेर्रांवला नारळ दिल्यावर,
अध्यक्ष जिना उतरता उतरता थांबले.
“शेणवी, सगळे आकडे तुमच्याकडे.
सांगा, किती वयाचा माणूस आणावा?”
जसे बैल बघायला निघालेत, दात मोजून.

रात्री पंख्याखाली आकडे मांडले.
लुदोविक, एकोणचाळिसाव्या वर्षी : सतरातले अकरा.
तोच लुदोविक, सत्तेचाळिसाव्या वर्षी : सतरातले तीन.
(त्या साली आघाडीचे दोघे जहाजावर गेले,
एक कुवेतला,
आणि पगार नाताळ उलटून झाला.)
तोच, एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा : करंडक.

वहीत गुडघ्याला रकाना नाही. जहाजाला नाही.
आणि तो करंडक एकसष्ट या आकड्याने जिंकला
की एकोणीस वर्षांच्या गोलकीपरने,
ज्याला लुदोविकने चौदाव्या वर्षी
पोदेराच्या सायकलीवरून उतरवून आणला होता,
पावाची टोपली मागे तशीच?

कागदावर रेघ ओढली.
ती या काठाला लागली, त्या काठाला लागली,
फेरीबोटीसारखी,
दिवसभर चालून कुठेच गेली नाही.

आकड्यात न येणारं एक मात्र मी पाहिलंय.
तरुणपणी तो नव्वद मिनिटं ओरडायचा,
खेळाडूंना त्यातलं काही ऐकू जायचं नाही.
पन्नाशीत फक्त रेफरीवर.
साठीनंतर मध्यंतराला एकच वाक्य,
तेही कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधताना, वाकून.
वाकायला वेळ लागायचा.
तोवर खोलीत सगळे गप्प.

या वेळी शेवटच्या रकान्यात मी ‘वय’ लिहिलं.
मग खोडलं.

जूनमध्ये निनाद वळवईकर आला. चौतीस.
परवाना, लॅपटॉप, पोरांची झोप मोजणारी घड्याळं.
पहिल्या सहातले पाच जिंकला.
अध्यक्ष मला खुणेनं म्हणाले, बघा,
जणू चौतीस हा आकडा त्यांच्याच झाडाला लागला होता.
मग लागोपाठ चार हरला.
चौथ्या रात्री बस रिकामी झाली तरी तो आत,
दिवा चालू, लॅपटॉप बंद,
हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.
कानशिलाजवळ पांढरं दिसलं मला.
ऑगस्टमध्ये नव्हतं.
“फेर्रांव बाबचा नंबर आहे?”
होता. लँडलाइनचा.
काय बोलले ठाऊक नाही. पाचवा सामना बरोबरीत सुटला,
त्यावरून काही सिद्ध होत नाही.

डिसेंबरात कुडतरीला गेलो,
थकलेल्या दोन पगारांच्या पावतीवर सही घ्यायला.
शेतं कापून झालेली, खुंट पायाला टोचणारे,
चपला ठेवून केलेले गोल.
लुदोविक प्लास्टिकच्या खुर्चीत, भोवती पंधरावीस पोरं,
आणि बांधावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
पाटात गेलेला चेंडू काढून देणारा
आमचा मुख्य प्रशिक्षक.
मला बघून तो जरा ओशाळला.
मी नमस्कार केला, आणि अध्यक्षांना सांगायचं नाही असं ठरवलं.

लुदोविकने सही केली, वयाची जागा सोडली.
“तें तुज्या वहींत आसा,” म्हणाला,
आणि वळून ओरडला, किती वर्षांनी!
सात वर्षांच्या एका पोरीवर,
जी चेंडू सोडून
बगळ्यामागे धावत सुटली होती.